रिसेल फ्लॅट घेताय? पावसाचं आधी विचारा आणि लिहून घ्या

मुंबईत फ्लॅट बघायला लोक निघतात ते दिवाळीनंतर, आणि टोकन (सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम) बऱ्याचदा गुढीपाडवा नाहीतर अक्षय्य तृतीयेला दिलं जातं. म्हणजे घर बघितलं तेव्हा भिंती कोरड्या ठाक, त्यात नुकताच रंग मारलेला. आणि इथे वर्षाला दोन हजार मिमीच्या वर पाऊस पडतो तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, त्यामुळे घराचं खरं रूप त्या चार महिन्यांतच दिसतं. जमलं तर जुलैमध्ये दोनतीन दिवस झड लागलेली असताना जाऊन बघा. नाहीच जमलं तर निदान पुढचं तरी करा.

आधी कायदा काय म्हणतो ते समजून घ्या, कारण इथेच बरेच जण फसतात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याला मालमत्तेतला किंवा टायटलमधला (मालकी हक्कातला) मोठा दोष सांगावाच लागतो, पण कुठला? जो त्याला माहीत आहे आणि तुम्हाला साधारण काळजी घेऊनही दिसला नसता तो. म्हणजे छताला आलेली ओल तुम्ही बघू शकत होतात आणि बघितली नाहीत तर नंतर भांडायला फारसा आधार उरत नाही. शिवाय करारात वेगळं काही ठरलं असेल तर ते आधी लागू होतं, म्हणून ॲग्रीमेंटमध्ये "आहे त्या स्थितीत" असं वाक्य दिसलं तर सही करायच्या आधी वकिलाला दाखवाच.

मग बघायचं काय? सगळ्यात आधी नैऋत्येकडची आणि पश्चिमेकडची भिंत, पावसाचा मारा तिथेच बसतो. खिडकीच्या खालचे कोपरे, कपाटामागची भिंत (कपाट सरकवायला सांगा, लाजू नका), बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत. एकाच भिंतीचा रंग बाकीच्यांपेक्षा ताजा असेल तर का ते विचारा. फॉल्स सीलिंग असेल तर एखादा लाइट काढून आत टॉर्च मारा, स्लॅबचे पोपडे निघून सळ्या दिसतायत का बघा. वरळी, वांद्रे, वर्सोवा अशा समुद्राजवळच्या बिल्डिंगमध्ये तर हे जास्तच बघा, खाऱ्या हवेने सळ्या लवकर गंजतात. टॉप फ्लोअर असेल तर टेरेसचं वॉटरप्रूफिंग कधी झालं, दरवर्षी ताडपत्री किंवा शेड टाकावी लागते का ते विचारा.

मग खाली उतरा. मीटर रूममध्ये आणि तळमजल्याच्या भिंतीवर पाण्याची जुनी रेघ शोधा, वॉचमनला आणि समोरच्या दुकानदाराला विचारा की पाणी कुठपर्यंत येतं, ते बहुतेक वेळा सरळ सांगतात. हिंदमाता, मिलन सबवे, कुर्ल्यात मिठी नदीचा काठ ही नावं सगळ्यांना माहीत आहेत पण तुमच्या गल्लीचं गल्लीवाल्यालाच माहीत. भरतीच्या वेळी जोरात पाऊस आला की सखल भागातलं पाणी समुद्रात जायला वाटच नसते, म्हणून २६ जुलै २००५ ला काय झालं होतं हेही विचारा, त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला होता. टेकडीच्या पायथ्याशी घर असेल तर मागची संरक्षक भिंत स्वतः जाऊन बघा.

सोसायटीकडून शेवटचा स्ट्रक्चरल ऑडिट (बिल्डिंगच्या मजबुतीची तपासणी) रिपोर्ट आणि दोनतीन वर्षांच्या एजीएमचे (वार्षिक सभेचे) मिनिट्स मागा. गळतीच्या तक्रारी, मोठ्या रिपेअरची वर्गणी सगळं त्यात सापडतं. टेरेस आणि बाहेरच्या भिंतीच्या गळतीची दुरुस्ती साधारणपणे सोसायटीच्या खर्चाने होते पण वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून येणाऱ्या गळतीची त्या मेंबरच्या, आणि असा वाद चालू असेल तर तो तुमच्या गळ्यात येणार.

नवीन बिल्डिंग असेल तर रेरा कायद्यात (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) पझेशनपासून ५ वर्षं स्ट्रक्चर आणि बांधकामाचे दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करायचे असतात. दुसऱ्याचा जुना फ्लॅट घेताना मात्र विकणाऱ्यावर तशी जबाबदारी नसते, म्हणून प्रश्न व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर विचारा, नुसतं ब्रोकरच्या तोंडी नको. गळती झाली होती का, कधी, काय दुरुस्ती केली, बिल आहे का, घरात किंवा पार्किंगमध्ये पाणी शिरलंय का. आणि हीच उत्तरं ॲग्रीमेंट फॉर सेलमध्ये विकणाऱ्याचं स्टेटमेंट म्हणून घालायला लावा, खोटं निघालं तर दुरुस्तीचा खर्च तो देईल या वाक्यासकट. तो नाही म्हणाला तर टोकन देऊ नका.