बुलेट ट्रेन शाळेच्या मैदानावर कशी उतरवावी

शाळेत हायस्पीड रेल्वेचा कार्यक्रम म्हटला की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट होते. थर्माकोलची गाडी, रंगीत भित्तिपत्रक, वीस मिनिटांची फिल्म आणि शेवटी प्रश्नमंजूषा: 'ताशी वेग किती?' मुलं '320' म्हणतात, टाळ्या वाजतात. पण 320 हा आकडा सातवीतल्या मुलाला काहीच सांगत नाही. त्याच्या लेखी तो 220 असता तरी चाललं असतं. कार्यक्रमातून एक गोष्ट साधायची असेल तर ती हीच: हा वेग मुलांच्या अंगात उतरला पाहिजे. बाकी सगळं त्यातून आपोआप निघतं. वेगळा रूळ का, बोगदे का, सिग्नल डब्यातच का, खर्च एवढा का.

खालचा आराखडा सातवी ते दहावीच्या एका तुकडीसाठी, चाळीस-पन्नास मुलं आणि दोन तासांसाठी आहे. पाचवी-सहावीला गणितं गाळा, खेळ तसेच ठेवा.

काय लागेल

30 मीटरचा टेप, फक्की, चार लाल झेंडे, मेट्रोनोमचं (ठरावीक गतीने ठोके देणारं) मोफत ॲप असलेला फोन आणि इयरफोन, चित्रीकरणासाठी आणखी एक फोन, नागपूरचा छापील नकाशा आणि कंपास, एक ताट, पाण्याचा पेला. मुख्याध्यापकांची परवानगी वगैरे तुम्ही काढालच.

दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला, सकाळचा. विदर्भात शाळा उघडतात त्याच जूनच्या शेवटी, पुढचे दोन महिने मैदानावर चिखल, आणि मार्चनंतर दहा वाजता मुलांना उन्हात उभं करणं हा शुद्ध आडमुठेपणा. विज्ञान दिनाचा, म्हणजे 28 फेब्रुवारीचा मुहूर्त गाठायचा असेल तर आठला सुरू करून दहाच्या आत मैदान सोडा.

रूळ आखा

मैदानाच्या कडेला फक्कीने रुळांच्या तीन जोड्या आखा. आतलं अंतर 762 मिलिमीटर, 1435 मिलिमीटर आणि 1676 मिलिमीटर. या तिन्ही मापांसाठी नागपूरबाहेर जावं लागत नाही. पहिलं मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयातलं, दुसरं आपल्या मेट्रोचं, तिसरं नागपूर स्टेशनातल्या प्रत्येक एक्स्प्रेसचं. बुलेट ट्रेनचं माप मधलं, मेट्रोचंच.

इथे हमखास एक हुशार मुलगा विचारतो, 'सर, रुंद रुळावर गाडी जास्त स्थिर, मग ब्रॉडगेज का नाही?' प्रश्न बरोबर आहे, त्याला गप्प करू नका. 1435 मुळे वेग येतो हे उत्तर चुकीचं आहे. मेट्रोही त्याच मापावर धावते. जपानचे जुने रूळ 1067 मिलिमीटरचे होते. वेगवान गाडीसाठी त्यांनी जुन्याची डागडुजी न करता सगळंच नवं बांधलं. 1 ऑक्टोबर 1964 ला टोकियो–ओसाका सुरू झाली ती 1435 वर, ताशी 210 किलोमीटरने. आपल्याकडे मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी तीच यंत्रणा घेतली, तिच्यासोबत माप आलं. खरं महत्त्व वेगळ्या मार्गाला आहे: फाटक नाही, मालगाडी नाही, तीव्र वळण नाही.

वेग दाखवा (इथेच सगळे घसरतात)

आधी दोन सोपे पण वाया जाणारे मार्ग टाळा. पहिला, खेळण्यातली गाडी. गाडी आणि अंतर दहापट लहान करून वेळ तोच ठेवला की वेगही दहापट कमी होतो. ताशी 32 म्हणजे जोरात मारलेली सायकल. मुलांच्या डोळ्यांना तेच दिसतं आणि तेच लक्षात राहतं. दुसरा, 'इतक्या सेकंदात इतके फुटबॉल मैदान' असल्या उपमा. ऐकायला छान, हाती शून्य.

खरं अंतर, खरी वेळ घ्या. मुंबई–अहमदाबाद मार्गाचा बराचसा भाग उन्नत आहे आणि त्यावर बसवलेले बरेचसे सलग गर्डर (खांबाखांबावर टेकलेल्या पुलाच्या तुळया) 40 मीटर लांबीचे आहेत. ताशी 320 ने एक गर्डर ओलांडायला गाडीला 0.45 सेकंद लागतात. मिनिटाला असे 133 गर्डर. म्हणजे मेट्रोनोम 133 वर लावला की एक ठोका म्हणजे एक गर्डर. हा योगायोग फार कामाचा आहे, सोडू नका.

आता टेपने 0, 40, 80 आणि 120 मीटरवर खुणा करा आणि प्रत्येक खुणेवर एकेक झेंडेवाला उभा करा. पहिल्या ठोक्याला पहिला झेंडा वर, दुसऱ्याला दुसरा, तसं चौथ्यापर्यंत. गाडीचं टोक त्या झेंड्यांपाशी पोचल्याचा तो क्षण. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत 1.35 सेकंद. वर गेलेला झेंडा वरच ठेवायचा. खाली-वर केलं की बघणाऱ्याला नुसता गोंधळ दिसतो.

ऐकायला सोपं आहे. करायला गेलात की तीन ठिकाणी बिघडतं.

एक: मुलं शेजारचा झेंडा बघून आपला उचलतात. मग तुम्ही गाडीचा वेग मोजत नाही, पोट्ट्यांची चपळाई मोजता. बघून हात हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तसे चार झेंडे उठले तर 'गाडी' ताशी 576 ने जाते. एखादा रेंगाळला की 300 वर येते. म्हणून सक्त ताकीद: शेजाऱ्याकडे बघायचं नाही, आपला आकडा मोजायचा. आठ मात्रांचा केरवा धरा. पहिल्या चार मात्रा मोकळ्या, पाचवी ते आठवी एकेका झेंड्याची. तबला शिकणारं एखादं पोर तुकडीत असतंच. त्याला पहिला झेंडा द्या.

दोन: ठोका लाऊडस्पीकरवर लावणं. हीच चूक सगळ्यात जास्त होते आणि कळत मात्र नाही. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. स्पीकर पहिल्या झेंड्याजवळ असेल तर चौथ्याला तोच ठोका 0.35 सेकंद उशिरा ऐकू येतो, म्हणजे पाऊण ठोक्याहून जास्त मागे. तुमची गाडी ताशी 254 वर घसरली. स्पीकर दुसऱ्या टोकाला ठेवलात तर उलट, 432 वर गेली. मुलं अगदी बरोबर मोजतायत, सगळे जीव तोडून करतायत आणि उत्तर तरी चुकतंय. मग शिक्षक मुलांवर ओरडतात. ओरडू नका, स्पीकर बंद करा.

त्यावर उपाय डोळ्यांचा. ठोका एकाच माणसाने ऐकायचा, तोही इयरफोनमधून. तो रांगेच्या मध्यासमोर पंचवीस-तीस पावलं मागे, खुर्चीवर उभा राहतो आणि प्रत्येक ठोक्याला हात जोरात खाली आणतो. झेंडेवाले त्याच्या हाताकडे बघून मोजतात. प्रकाशाला उशीर होत नाही. प्रेक्षकांनी त्या वेळी टाळ्या वाजवायच्या नाहीत, नाहीतर झेंडेवाले कानाने मोजू लागतात. कार्यक्रम झाल्यावर मात्र स्पीकरचा घोळ मुद्दाम करून दाखवा. आवाजाचा वेग शिकवायला याहून चांगला धडा नाही, आणि तो फुकट मिळतोय.

तीन: सुरुवातच 320 ने करणं. मुलांना तुलनेला काही नसेल तर 1.35 सेकंद म्हणजे 'पटकन झालं', बस्स. आधी मेट्रोच्या ताशी 80 ने करा, मग वंदे भारतच्या 160 ने, मग 320 ने. त्यासाठी मेट्रोनोम 33 वर उतरवू नका. इतक्या संथ ठोक्यावर कुणालाच ताल धरता येत नाही, सगळे आधीच हात उचलतात. ठोका 133 चाच राहू द्या. 80 साठी दर चौथ्या ठोक्याला झेंडा, 160 साठी दर दुसऱ्याला, 320 साठी प्रत्येक ठोक्याला. तिसऱ्या फेरीला मैदानावर जो हलका 'अरे!' उठतो, त्याच्यासाठी हा सगळा खटाटोप.

फेरी बरोबर झाली का हे मतावर सोडू नका. बाजूने फोनवर चित्रीकरण करा. सेकंदाला 30 चौकटींच्या चित्रणात पहिल्या झेंड्यापासून चौथ्यापर्यंत 40 किंवा 41 चौकटी यायला हव्यात. 38 ते 43 चालेल. त्याबाहेर गेलं तर पुन्हा.

मैदान 120 मीटरचं नसेल तर तीन झेंडे आणि 80 मीटर. त्याहून लहान असेल तर हा खेळ करूच नका. दोन झेंड्यांत वेग दिसत नाही. जवळच्या मोठ्या मैदानावर तुकडी न्या.

थांबायला किती लागतं

वर्गात परत या. ब्रेक लागल्यावर दर सेकंदाला वेग ताशी अडीच किलोमीटरने कमी होतो असं धरायला सांगा. 160 वरून थांबायला 64 सेकंद, त्या काळातला सरासरी वेग 80, म्हणजे अंतर सुमारे 1.4 किलोमीटर. 320 वरून 128 सेकंद, सरासरी 160, अंतर सुमारे 5.7 किलोमीटर. वेग दुप्पट, अंतर चौपट. सूत्र फळ्यावर लिहायच्या आधी हे मुलांनाच काढू द्या. मग नकाशावर झिरो माइलपासून वर्धा रोडने 5.7 किलोमीटर मोजून बोट कुठे थांबतं ते प्रत्येकाने बघावं. रुळाशेजारचा दिवा बघून ब्रेक मारणं इथे का चालत नाही आणि सिग्नल चालकाच्या समोरच्या पडद्यावर का लागतो, हे त्या बोटानेच कळतं.

वळण

याच नकाशावर झिरो माइलला कंपास टेकवून 6 किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. सदर, महाल, इतवारी, अजनी सगळं पोटात. या वेगाच्या मार्गावर वळणाची त्रिज्या साधारण एवढी ठेवतात. कुणाचं शेत, कुणाचं घर मार्गात आलं तर मार्ग जरासा 'वळवता' का येत नाही, याचं उत्तर हे वर्तुळ आहे. भूसंपादनाचा विषय नंतर निघणारच आहे.

ताटात पाण्याचा पेला ठेवून एका मुलाला जागच्या जागी गिरकी घ्यायला लावा, आधी ताट सपाट धरून, मग बाहेरची कड उचलून. वळणावर बाहेरचा रूळ उंच का, ते सांडलेल्या पाण्यावरून समजतं. पेला स्टीलचा घ्या.

खंड्याची चोच

पाच मिनिटांत उरका. बादलीत सपाट बुडाची बाटली आणि निमुळती बाटली एकाच जोराने घुसवा, पाणी किती उडतं बघा. जपानमध्ये गाडी बोगद्यात शिरली की पलीकडच्या तोंडाशी धडाका होई. इंजिनिअर एइजी नाकात्सु यांनी खंड्या पक्ष्याच्या चोचीवरून 500 मालिकेच्या गाडीचं नाक घडवलं, ती 1997 मध्ये धावू लागली. अंबाझरीवर खंड्या पाहिलेली मुलं असतातच. मुंबई–अहमदाबाद मार्गावर मुंबईतलं वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी) ते शिळफाटा 21 किलोमीटरचा बोगदा आहे, त्यातला 7 किलोमीटर ठाणे खाडीखालून. तिथे असं निमुळतं नाक कामाला येणार.

प्रश्नांचा तास

याला अर्धा तास राखून ठेवा आणि तुम्ही कुणाचे प्रवक्ते नाही हे लक्षात ठेवा. प्रकल्पाची जाहिरात केली की नववीच्या मुलांना ती लगेच कळते, आणि मग आधीच्या दीड तासावरही ती विश्वास ठेवत नाहीत.

पक्के आकडे फळ्यावर आधीच लिहा: लांबी 508 किलोमीटर, स्थानकं 12, त्यांतली महाराष्ट्रात चार, मुंबई, ठाणे, विरार आणि बोईसर. मूळ अंदाज सुमारे 1.08 लाख कोटी रुपये, त्यातला 81 टक्के भाग जपानच्या कर्जातून, मुदत 50 वर्षं, व्याज 0.1 टक्का. 'स्वस्त कर्ज म्हणजे फुकट का?' असं कुणी विचारलं तर आनंद माना. परतफेड येनमध्ये असेल आणि रुपया घसरला तर काय होईल, हे दहावीच्या गटाला गणितासाठी द्या.

सुरू होण्याची तारीख भित्तिपत्रकावर छापू नका. 14 सप्टेंबर 2017 ला पायाभरणी झाली तेव्हा 2022-23 ची भाषा होती. तारखा सरकतात, भित्तिपत्रक भिंतीवर राहतं.

गर्डरचं वजन कुणी विचारलं तर 970 टन सांगा, पण इतके हत्ती, तितके हत्ती नको. कोराडी किंवा खापरखेड्याला कोळसा नेणाऱ्या मालगाडीचे भरलेले दहा-बारा डबे म्हणा. ती गाडी फाटकावर अडकून मुलांनी मोजलेली असते.

आणि शेवटी तो प्रश्न येतोच: 'नागपूरला कधी?' मुंबई–नागपूर हा मार्ग अभ्यासासाठी निवडलेल्या मार्गांपैकी आहे, त्याचं सर्वेक्षण झालं आहे, बांधकाम मात्र सुरू नाही. एवढंच सांगा. 'लवकरच' हा शब्द वापरू नका. त्याऐवजी नकाशा पुढे करा आणि गटागटाने ठरवायला लावा, स्थानक कुठे हवं: शहराच्या मध्यात, म्हणजे घरं पाडून किंवा जमिनीखालून, की शहराच्या कडेला, मिहानच्या बाजूला, म्हणजे इतवारीच्या माणसाने आधी मेट्रो पकडायची. प्रत्येक गटाने जागा, एक फायदा आणि एक तोटा लिहायचा. तोटा न लिहिलेला कागद परत करायचा.