बागेतला सिनेमा आणि मालव्याचं खाणं: या चुका टाळा

डिसेंबरातली संध्याकाळ होती. इंदूरच्या सुदामा नगरातल्या आमच्या बागेत पडदा लागला होता आणि गराडू तळणाऱ्या काकूंची कढई आम्ही नेमकी प्रोजेक्टरच्या पुढ्यात मांडली होती. वाफ झोतात शिरली की पडदा दुधाळ व्हायचा, तेलात फोडी पडल्या की संवाद बुडायचे. दहा मिनिटांत मागून ओरड सुरू झाली, "कढई बंद करा!" काकूंनी गॅस बंद केला. मध्यांतर ठेवलेलंच नव्हतं आणि सिनेमा संपल्यावर जो तो घराकडे निघाला. चार किलो गराडू त्या तसाच परत घेऊन गेल्या.

गराडू म्हणजे आपल्या कोनफळाचा भाऊबंद. सोलताना हाताला खाज सुटते, म्हणून आधी तेल चोळून घ्यावं लागतं. फोडी एकदा तळून ठेवायच्या, गिऱ्हाईक समोर आलं की पुन्हा कडक तळायच्या आणि वरून जीरावण (इंदूरचा चटपटा मसाला), लिंबू. गार झाला की चामट लागतो. एवढी मेहनत करून आलेल्या बाईला आम्ही विकायला वेळच दिला नाही. स्थानिक पदार्थांसाठी म्हणून सिनेमा ठेवायचा आणि पदार्थ करणारीच तोट्यात, ही सगळ्यात मोठी चूक.

म्हणून आता विक्री सिनेमाच्या आधी तासभर आणि मध्यांतरात पुरती २५ मिनिटं. सिनेमा चालू असताना कढया बंद. त्या मांडायच्या मागच्या फाटकाशी, वारा धूर बाहेर नेईल अशा बाजूला.

वेळेचं गणित न मांडणं ही दुसरी चूक. जूनमध्ये इंदूरला सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो. पडदा नीट दिसायला आणखी अर्धा तास जातो, म्हणजे पावणेआठ झाले. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे. श्याम बेनेगलांचा 'मंथन' (१९७६) घ्या. गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये घालून उभा केलेला हा सिनेमा अशा संध्याकाळीच दाखवावा. पण तो २ तास १४ मिनिटांचा आहे. जूनमध्ये लावलात तर मध्यांतराला जागाच उरत नाही. डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो. सव्वासहाला सुरू करा, मध्यांतर धरूनही नऊच्या आत संपतो, आणि गराडूचा हंगामही तोच. उन्हाळ्यात तासाभराचा माहितीपट पुरे.

परवानगीचं मात्र हमखास राहून जातं. डीव्हीडी किंवा ओटीटीचं सदस्यत्व घरी बघण्यापुरतं असतं. बागेत शंभर लोकांना दाखवायचं तर, तिकीट नसलं तरी, हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. दोन महिने आधी पत्र पाठवा. आपल्याच शहरातल्या माहितीपट करणाऱ्या मुलांना विचारा. त्यांनाही प्रेक्षक हवेच असतात.

मग टेबलांवरच्या पाट्या. 'स्थानिक पदार्थ' या पाटीने कुणाचंच भलं होत नाही. कुणी केलं, बटाटे महूकडचे की देपालपूरचे, भाव काय, पुन्हा हवं असेल तर कुठे मिळेल, हे मोठ्या अक्षरात लिहा. सिनेमाआधी प्रत्येक विकणारीला दोन मिनिटं बोलू द्या. माइक हातात आला की पुष्कळ जणी गप्प होतात. तेव्हा कुणीतरी शेजारी उभं राहून साधे प्रश्न विचारावेत: ताई, पापडाचं पीठ कधी भिजवता? मग त्या आपोआप बोलू लागतात. टेबलाचं भाडं घेऊ नका. चव बघायला फुकट वाटायचं असेल तर खर्च मंडळाने सोसावा. कुपनं ठेवली असतील तर त्याच रात्री, सामान आवरायच्या आधी, रोख हिशेब करा. 'उद्या बघू' म्हटलं की विकणारी पुढच्या वेळी येत नाही. अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी प्रत्येकीकडे आहे का, तेही आधीच विचारा. नसेल तर अर्ज भरायला मदत करा.

आता यंत्रांच्या तक्रारी. मध्येच सगळं बंद पडलं तर बहुधा इंडक्शन शेगडी आणि प्रोजेक्टर एकाच लाइनवर असतात. प्रोजेक्टरला वेगळी लाइन घ्या. ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो? ब्लूटूथ सोडा, वायर जोडा. चादर वाऱ्याने फुगत असेल तर ती चारही बाजूंनी चौकटीला ताणून बांधा, आणि खालची कड जमिनीपासून चार फूट वर ठेवा, नाहीतर मागच्यांना सबटायटल्सऐवजी डोकी दिसतात. प्लास्टिकच्या प्लेटा, चमचे यांवर १ जुलै २०२२पासून बंदी आहे, द्रोण-पत्रावळी आणा.

आणि कढया बंद असतात त्या वेळात विकणाऱ्यांनी काय करायचं, याचा विचार आम्ही पहिल्या वर्षी केलाच नव्हता. आता पहिल्या दोन रांगा त्यांच्यासाठी राखून ठेवतो. त्या काकू पुन्हा आल्या तेव्हा मध्यांतरातच गराडू संपला, आणि उरलेला अर्धा सिनेमा त्यांनी शाल गुंडाळून, नातवाला मांडीवर घेऊन पाहिला.