पोट फुगलंय, गळून गेलंय: पेशंट तपासताना या चुका टाळा

श्रावण लागला की पुण्यातल्या ओपीडीत ‘सिस्टर, पोट टम्म झालंय, अंगात त्राणच नाही’ ही तक्रार वाढते. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे हे कारण पुष्कळदा खरंही निघतं, आणि म्हणूनच फसायला होतं.

केसपेपरवर आधीच ‘गॅस’ लिहिणं. साठीच्या मधुमेही आजी, वरचं पोट जड, घाम, अचानक आलेला थकवा: इथे ॲसिडिटीच्या गोळीआधी ईसीजी. तोही पोचल्यापासून १० मिनिटांत. मधुमेहात, विशेषतः बायकांमध्ये, हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो.

‘कधीपासून?’ एवढंच विचारून थांबणं. फुगणं येतं-जातं की दिवसभर तसंच राहतं? परकराची नाडी सैल बांधावी लागते का? चार घास खाल्ले की पोट भरतं? लघवीला सारखं जावं लागतं? पन्नाशीपुढच्या बाईला हे काही आठवडे सतत होत असेल, तर अंडाशयाचा कॅन्सर डोक्यात ठेवून डॉक्टरांच्या कानावर घाला. तरुण बाईची पाळी चुकली असेल तर आधी युरिन प्रेग्नन्सी टेस्ट. संध्याकाळचा बारीक ताप आणि घटलेलं वजन असेल तर पोटाचा टीबी; थंडी सोसत नसेल, बद्धकोष्ठ असेल तर थायरॉइड. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी), लोहाच्या गोळ्या, घरचं चूर्ण यांबद्दल मुद्दाम विचारा. चूर्णाला कोणी औषध समजत नाही, त्यामुळे आपणहून सांगतही नाहीत. दारूचा प्रश्न मात्र सुनेसमोर विचारू नका. ‘अधूनमधून’ हे उत्तर ठरलेलं असतं. ती मेडिकलमध्ये गेली की पुन्हा विचारा.

आल्या आल्या पोट दाबणं. आधी पाहा, मग स्टेथोस्कोपने ऐका, मग बोटांनी हलकं ठोकून बघा, शेवटी हात लावा. दाबल्यावर आतड्यांचे आवाज बदलतात. ‘आवाज नाहीत’ असं लिहिण्याआधी पूर्ण पाच मिनिटं ऐका, आणि नाकातल्या नळीला सक्शन जोडलेलं असेल तर तेवढा वेळ बंद ठेवा. तपासण्यापूर्वी लघवी करून यायला सांगा. आजोबांची ‘थेंब थेंब होते’ ही तक्रार म्हणजे लघवी होते असं नव्हे. फुगलेलं पोट म्हणजे तुंबलेलं मूत्राशयही असू शकतं.

टेप मनाला येईल तशी लावणं. सकाळच्या सिस्टर बेंबीच्या वर मोजतात, रात्रीच्या खाली, आणि राउंडला पोट ‘कमी झालेलं’ असतं! पेशंट उताणा, श्वास सोडल्यावर, बेंबीच्या रेषेत. दोन्ही कुशींवर पेनाने खूण करा. रोज त्याच वेळी वजनही घ्या. पोटात पाणी आहे पण पायांवर सूज नाही, अशा पेशंटचं लघवीच्या गोळ्यांनी दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त वजन उतरत असेल तर डॉक्टरांना कळवा.

थकव्याला ‘जनरल वीकनेस’ म्हणून सोडून देणं. ही चूक सगळ्यात महाग पडते, कारण पुष्कळदा पोट आणि थकवा यांचं मूळ एकच असतं. जुलाब झालेत किंवा फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारी गोळी) चालू आहे, हातापायांत ताकद नाही आणि पोट फुगलंय: पोटॅशियमचा रिपोर्ट बघा. ते ३.५ mEq/L च्या बरंच खाली गेलं की स्नायू ढिले पडतात, आतडीही मंदावतात. रक्त कमी झालंय का कळायला खालची पापणी ओढून आतला फिकेपणा बघा, शौचाचा रंग विचारा; काळा असेल तर आत रक्तस्राव असू शकतो. काळी शौच लोहाच्या गोळ्यांनीही होते, तरी नोंद करा. लिव्हरचा पेशंट दिवसा झोपतो, रात्री जागा असतो, हात पुढे धरायला सांगितले की पंजे फडफडतात? तो थकलेला नाही, मेंदूवर परिणाम होतोय.

पोट लाकडासारखं कडक, वारा-शौच बंद आणि उलट्या, पोटात पाणी आणि त्यात ताप, नाडी वाढून बीपी उतरणं, यांपैकी काहीही दिसलं तर राउंडची वाट पाहू नका. फोनवर ‘पोट फुगलंय, जरा बघता का सर’ असं मोघम नको. ‘घेर कालपेक्षा ४ सेंमी जास्त, नाडी ११८, बीपी ९४/६०, सकाळपासून वारा सरलेला नाही, दोन उलट्या हिरव्या’ असं सांगा. सर लगेच निघतात.