शिडाच्या बोटीवर पोर्टेबल जनरेटर चालवताना या चुका टाळा

जनरेटर केबिनमध्ये चालवू नये, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र तो एकदा उघड्या डेकवर ठेवला की धुराची काळजी मिटली, असे समजणारे मला आजही दर हंगामात भेटतात आणि प्रत्येक वेळी मला तीच एक संध्याकाळ आठवते.

आम्ही तिघे नांगर टाकून मुक्कामाला होतो. वारा पुढून येत असल्याने जनरेटर मागच्या टोकाला ठेवला होता आणि धूर सरळ मागे पाण्यावर जात होता. दोन तासांनी ओहोटी लागली. प्रवाह वाऱ्यापेक्षा जोरकस निघाल्यामुळे बोटीने त्याच्याकडे तोंड फिरवले आणि मागून येऊ लागलेला वारा सगळा धूर केबिनच्या दारातून आत ढकलू लागला. खाली पडलेल्या मित्राचे डोके दुखू लागले, त्याला मळमळू लागले. त्याला बोट लागली असावी असे समजून आम्ही त्याला पाणी पाजून पुन्हा खालीच झोपवले. त्याच्या बोटाला लावलेले ऑक्सिमीटर ९८ दाखवत होते, कारण रक्तात ऑक्सिजनच्या जागी कार्बन मोनॉक्साइड बसला असला तरी या साध्या उपकरणाला तो फरक ओळखता येत नाही. दुसऱ्या मित्राचेही डोके ठणकू लागले, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की पाणी अगदी संथ आहे आणि अशा पाण्यात बोट लागत नसते. आम्ही जनरेटर बंद करून दोघांनाही उघड्यावर आणले. पुढचा उपचार रुग्णालयात ऑक्सिजन लावून झाला.

या वायूला रंग नसतो, वास नसतो आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. म्हणून झोपण्याच्या प्रत्येक जागी बोटीसाठी बनवलेला कार्बन मोनॉक्साइड अलार्म असावा आणि जनरेटर सुरू करण्यापूर्वी त्याचे बटण दाबून तो वाजतो याची खात्री करावी. तरीही मी अलार्मच्या भरवशावर जनरेटर चालू ठेवून कोणालाही झोपू देत नाही. दर अर्ध्या तासाने मी स्वतः वारा पाहतो. शेजारी नांगरलेल्या बोटीकडे धूर जात असेल, तर जनरेटर लगेच बंद करतो.

दुसरी चूक निव्वळ उतावीळपणाची आहे. जनरेटर मध्येच बंद पडला की लोक तापलेल्या इंजिनावरच पेट्रोल ओततात. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यामुळे ती उतरत जाऊन बोटीच्या तळाशी साचते आणि तिथल्या पंपाची एक ठिणगी तिला पुरते. मी इंजिनाला हात लावता येईपर्यंत थांबतो आणि शक्य असेल तेव्हा बोटीऐवजी किनाऱ्यावरच टाकी भरतो. पाच मिनिटे वाचवण्यासाठी बोट पणाला लावणे मला कधीच पटलेले नाही.

दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून जनरेटरची वीज बोटीच्या किनाऱ्यावरून वीज घेण्याच्या जोडणीत सोडू नका, कारण तिच्या उघड्या पिनांमध्ये जिवंत वीज असते. एका वेळी किनाऱ्याची किंवा जनरेटरची, अशी एकच वीज जोडणारा चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. पावसात आणि उडत्या लाटांत जनरेटर चालवू नका. त्याच्यावर लिहिलेला मोठा आकडा बहुधा क्षणभराच्या क्षमतेचा असतो, म्हणून पाणी तापवण्याचे यंत्र आणि बॅटरी चार्जर एकदम लावण्यापूर्वी अखंड, म्हणजे सतत देता येणाऱ्या क्षमतेचा आकडा शोधा आणि दोन्ही उपकरणांची बेरीज त्यात बसते का ते पाहा.