‘सहा महिन्यांचा लॉक-इन’ साडेआठ महिन्यांचा होतो तेव्हा

पुण्यात शिकायला आलात की खोली कुठे शोधायची हे सांगणारे शंभर जण भेटतील. धनकवडीत स्वस्त, विमाननगरला महाग, अभ्यासिका हवी तर सदाशिव पेठ, हे सगळं तुम्हाला आधीच कळलेलं असणार. कॉट बेसिस, डबल शेअरिंग, मेससह की मेसशिवाय, हेही समजलं असेल. त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. ज्या गोष्टीत विद्यार्थ्याचे पैसे खरोखर अडकतात ती अग्रीमेंटच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर असते, आणि ते पान टोकन, म्हणजे खोली अडवण्याची आगाऊ रक्कम, भरण्याआधी जवळजवळ कोणीच वाचत नाही.

‘फ्लेक्झिबल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या खोलीत तीन वेगवेगळ्या मुदती असतात. एक कराराची, बहुधा ११ महिने. दुसरी लॉक-इनची, म्हणजे त्याआधी सोडलीत तर उरलेल्या महिन्यांचं भाडं द्यायचं. तिसरी नोटीसची. या तिन्ही मुदती एकात एक बसतात असं आपण धरून चालतो. करारात मात्र त्या एकापुढे एक लावलेल्या असू शकतात.

आकडे घेऊन बघा. भाडं ९,५००, डिपॉझिट दोन महिन्यांचं म्हणजे १९,०००, लॉक-इन सहा महिने, नोटीस एक महिना. तुम्ही १६ ऑगस्टला राहायला आलात. तुमचा हिशेब असा: १५ फेब्रुवारीला सहा महिने संपतात, १५ जानेवारीला नोटीस देऊ, डिपॉझिट घेऊ, इंटर्नशिपला निघू.

आता करारातली तीन वाक्यं. पहिलं, लॉक-इन ‘पहिल्या पूर्ण कॅलेंडर महिन्यापासून’ मोजला जाईल. म्हणजे १ सप्टेंबर ते २८ फेब्रुवारी. ऑगस्टचा अर्धा महिना हिशेबात नाही. दुसरं, नोटीस ‘लॉक-इन पूर्ण झाल्यानंतरच’ ग्राह्य. म्हणजे जानेवारीतली तुमची नोटीस रद्द. तिसरं, नोटीस ‘पुढील महिन्याच्या १ तारखेपासून’ लागू. तुम्ही ३ मार्चला पुन्हा नोटीस दिलीत, ती १ एप्रिलपासून धरली आणि सुटका झाली ३० एप्रिलला. सहा महिन्यांचे साडेआठ झाले. फेब्रुवारीच्या मध्यापासूनचं अडीच महिन्यांचं भाडं साधारण २३,७५० रुपये. डिपॉझिट होतं १९,०००. खोली सोडून गेल्यावर वर ४,७५० रुपये तुमच्याकडेच मागितले जातात.

यात फसवणूक नाही. सही तुमचीच असते. म्हणून तर चीड येते.

उपाय सोपा आहे, पण टोकन देण्याआधीच करायचा. चालकाला, म्हणजे खोल्या भाड्याने देणाऱ्या माणसाला किंवा कंपनीला, ईमेलवर एवढंच लिहा: ‘लॉक-इन मी राहायला आल्याच्या तारखेपासून मोजला जाईल. लॉक-इनच्या शेवटच्या महिन्यातही नोटीस देता येईल. नोटीस मिळाल्याच्या दिवसापासून ३० दिवस मोजले जातील. अपुऱ्या महिन्याचं भाडं दिवसांच्या हिशेबाने घेतलं जाईल.’ उत्तरात ‘हो’ आलं की तीच वाक्यं करारात घालायला सांगा. फोनवर ‘अरे, ते आपण बघून घेऊ’ असं उत्तर मिळालं तर ते नाहीच समजा. फोनवर बोलणारा मुलगा विक्रीचं काम करतो, हिशेब दुसराच माणूस करतो.

मग लॉक-इन नसलेली, महिन्याला जास्त पैशांची खोली घ्यावी का? पुष्कळदा घ्यावी. समजा तीच खोली लॉक-इनशिवाय ११,५०० ला मिळते. चार महिने राहिलात तर ४६,००० होतात. लॉक-इनवाल्या खोलीचे सहा महिन्यांचे ५७,००० कसेही द्यावे लागतात. चार महिन्यांपर्यंत महाग खोलीच स्वस्त पडते, पाच महिन्यांना ५७,५०० म्हणजे जवळपास बरोबरी होते, त्यानंतर नाही. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या चालू असताना, कॉलेज बदलण्याची शक्यता असताना, सहा महिने बांधून घेणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

फक्त एक खाच आहे. १५ जुलै २०२४ पासून दरडोई महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या निवासाला जीएसटी माफ आहे, पण सलग किमान ९० दिवसांच्या वास्तव्याची अट आहे. दोन महिन्यांसाठी खोली घेतली तर कर लागू शकतो. उलट पाच महिने राहणाऱ्याच्या बिलात जीएसटी दिसला तर तो का, हे लेखी विचारा.

आता कागदाबद्दल. ‘अकरा महिन्यांचंच आहे, रजिस्टर करायला लागत नाही’ हे वाक्य पुण्यात एजंट फार सहज बोलतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचा नेहमीचा भाडेकरार, लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नाही केली तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, ते खोटं ठरवायचं काम मालकाचं. हे वाचून धीर आला असेल तर ठीकच. खर्चाचा बाऊही करू नका: मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं १० टक्के मानीव व्याज, या रकमेच्या ०.२५ टक्के. वरच्या उदाहरणात ११ महिन्यांचे पावणेतीनशेच्या आत येतात. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. त्यावर एजंट जे मागतो ते त्याच्या धावपळीचे, आणि त्यावर घासाघीस होते.

को-लिव्हिंगवाले, म्हणजे एका फ्लॅटमध्ये अनेकांना कॉट आणि सोयी देणाऱ्या कंपन्या, मात्र बहुतेक वेळा लिव्ह अँड लायसन्स करतच नाहीत, ‘सेवा करार’ देतात. त्यांनी स्वतः फ्लॅट मालकाकडून भाड्याने घेतलेला असतो आणि तुम्हाला कॉट दिलेली असते. इथे विचारायचे प्रश्न दोनच. मालकासोबतचा तुमचा करार कधी संपतो? आणि त्यात दुसऱ्यांना ठेवायची परवानगी आहे का? मूळ करार मार्चमध्ये संपत असेल तर तुमच्या जुलैपर्यंतच्या कागदाला फारसा अर्थ नाही. चालकाने मालकाचं भाडं थकवलं तर मालक दारात उभा राहतो, आणि तुमचं डिपॉझिट मालकाकडे नसतंच. हे दोन प्रश्न विचारल्यावर समोरचा चिडला तर दुसरी खोली बघा. शिष्यवृत्ती किंवा स्वाधारसारख्या (वसतिगृह न मिळालेल्या विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणासाठी पैसे देणाऱ्या) सरकारी योजनेसाठी भाड्याने राहत असल्याचा पुरावा लागणार असेल, तर सेवा करार चालतो का हे समाजकल्याण कार्यालयात आधीच विचारून घ्या.

विजेचं बिल हा छोटा, पण दर महिन्याचा वाद. पाच-सहा जण एका मीटरवर असले की महावितरणच्या वरच्या टप्प्यातला दर लागतो, म्हणून प्रतियुनिट आकडा घरच्यापेक्षा जास्त दिसणं स्वाभाविक आहे. पण सबमीटर लावून ठरावीक दराने पैसे घेत असतील तर ग्राहक क्रमांक मागा. त्यावरून मूळ बिल महावितरणच्या संकेतस्थळावर बघता येतं. पहिल्या दिवशी मीटरचा फोटो काढा, एसी वेगळ्या मीटरवर आहे का तेही बघा.

त्याच दिवशी खोलीचा एक सलग व्हिडिओ काढा: भिंतींचे पोपडे, गादीची खालची बाजू, कपाटाचं कुलूप, गिझर चालू करून, नळ सोडून, खिडकीची जाळी. तो चालकाला लगेच पाठवा. फोनमध्ये पडून राहिलेला व्हिडिओ सोडताना उपयोगी पडत नाही. पेंटिंग आणि साफसफाईची कपात ठरावीक आहे की प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे, हे करारात बघा. पाणी मात्र दुपारी जाऊन कळत नाही. सकाळी सात-साडेसातला जा, टँकर येतो का ते वॉचमनला विचारा.

सीनियरच्या सल्ल्याबद्दल एक मत आहे, पटलं तर घ्या. सीनियर प्रामाणिक असतो, पण तो सांगतो ते त्याच्या वर्षाचं. त्याचा करार वेगळा असतो. शिवाय त्याला त्याच्या जागी कोणीतरी आणून द्यायचं असेल तर खोलीतले दोष त्याला दिसत नाहीत. ‘शेवटचा महिना भाडं देऊच नको, डिपॉझिटमधून वळतं होतं’ हा सल्लाही त्याचाच. चालकाने लेखी मान्य केल्याशिवाय हे करू नका. थकबाकी धरून रोजचा दंड सुरू होतो. बदली मुलगा आणणार असाल तर तो राहायला आल्यावर तुमचा लॉक-इन संपतो, एवढं ईमेलवर घ्या.

खोली न बघता टोकन देऊ नका. लष्करात आहे, बदली झाली म्हणून फ्लॅट देतोय, क्यूआर कोड स्कॅन करा, असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा.

डिपॉझिट अडकलं तरी घाबरू नका. को-लिव्हिंग ही सेवा आहे, तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. साध्या घरमालकाच्या बाबतीत हा मार्ग इतका सरळ नाही, तिथे करार आणि वकिलाची नोटीस. दोन्हीकडे लागतात ते कागद तेच: तारखेसह नोटीसचा ईमेल, पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचे व्हिडिओ, मीटरचे दोन फोटो, आणि किल्ली परत घेतल्याची पोच. किल्ली वॉचमनकडे ठेवून निघून जाऊ नका. पोच मिळेपर्यंत खोली तुमच्याच ताब्यात आहे असं धरून भाडं लावलं जाऊ शकतं.