आदिवासी आणि साम्राज्यवाद: पेपर लिहिताना या चुका टाळा

आमच्या गडचिरोली-चंद्रपूरकडच्या बी.ए. हिस्ट्रीवाल्या पोरापोरींच्या नोट्समधे एक वाक्य हमखास असते, मूठभर स्पॅनिशांनी बंदुकीच्या जोरावर अख्खं साम्राज्य जिंकलं, आणि तिथंच उत्तर अडकते कारण पुढं लिहायला काही उरतच नाई.

अडकलं तर पहिले हे बघा की तिथले लोक कोणाच्या बाजूनं लढत होते. १५२१ मधे मेक्सिकोतल्या अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली तेव्हा स्पॅनिश सरदार कोर्तेससोबत शेजारच्या त्लाश्काला राज्याचे हजारो योद्धे होते, शिवाय १५२० मधे देवीची साथ आली अन् त्यात अ‍ॅझ्टेकांचा राजा कुइत्लावाकच गेला. पेरूत १५३२ ला दुसरा स्पॅनिश सरदार पिझारो फक्त १६८ लोक घेऊन काहामार्का गावी पोचला, पण इन्का राजघराण्यातल्या आताहुआल्पा अन् हुआस्कर या भावाभावांची लढाई तेव्हा नुकतीच होऊन गेली होती. हे न लिहिता नुसती बंदूक लिहिली तर मार्क जातातच, इतिहासही खोटा होतो.

आता सगळ्यात मोठी चूक, त्लाश्कालावाल्यांना गद्दार लिहून मोकळं होणं. अरे त्यांचं अ‍ॅझ्टेकांशी पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर होतं, आपण सगळे एक असं त्यांना वाटायचं कारणच नव्हतं. आपल्याकडंही तेच बघा. गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके १८५८ मधे इंग्रजांविरुद्ध उठले, त्यांना पकडून दिलं ते अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंनी, आणि २१ ऑक्टोबरला चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, फाशी झाली. मला हे वाचताना फार जड जाते, पण एका जमीनदारीला काय वाचवायचं होतं हे विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका.

आणखी एक, इंग्रजांनी गोंड राज्य जिंकलं असं सरसकट लिहू नका. चांदा १७५१ मधेच नागपूरच्या भोसल्यांकडं गेलं होतं, इंग्रजांनी १८५४ ला भोसल्यांचंच राज्य खालसा केलं.

पण मेक्सिकोचं उत्तर उचलून चांद्याला चिकटवू नका हं. तिथं रोगराईनं गावंच्या गावं ओस पडली, इथं गोरे वस्ती करून जमिनी बळकावायला आले नाईत, त्यांनी १८६५ अन् १८७८ चे जंगल कायदे केले आणि ज्या रानात लोक मोहफूल वेचायचे, ढोरं चारायचे, फिरती शेती करायचे तेच रान राखीव झालं. लढाई संपल्यावरची ही जिंकणी बहुतेक जण लिहीतच नाईत.

भूतकाळी क्रियापदं पण तपासा, "गोंड लोक राहत असत", "केचुआ लोक बोलत असत", जणू ते आता उरलेच नाईत! केचुआ ही पेरूकडची इन्कांची भाषा आजही लाखो लोक बोलतात, आणि गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गोंड गावानं २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मधे सामूहिक वनहक्क मिळवला.

म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेलं लिहाल तर गाव अन् तारीख टाका, नाव त्यांना विचारूनच, आणि ते गॅझेटियरशी, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथाशी, जुळत नाई म्हणून खोडू नका, दोन्ही शेजारी शेजारी लिहा.