पाणंद रस्त्यावर मुरूम टाकताना या चुका टाळा

पाणंद रस्ता उखडला की 'मुरूम कमी पडला' असं म्हणून लोक मोकळे होतात. बहुतेक वेळा मुरूम पुरेसा असतो, पाण्याला वाट नसते. दोन्हीकडे बांध आणि मध्ये चाकोऱ्यांनी खचलेली वाट, म्हणजे पावसाळ्यात ओढाच. त्यात डंपर रिकामा करून जेसीबीने पसरवणं, ही सगळ्यात महागाची चूक.

काळ्या रानात तर ओली माती मुरूम गिळते. चाकाखाली मुरूम दबत जातो आणि चिखल वर येतो. लोकांना वाटतं वाहून गेला. तो खालीच असतो. म्हणून आधी गवत-मुळ्यांसकट वरची 15 सेंमी माती काढा आणि भराव घालून रस्ता शेतापेक्षा दीड-दोन फूट वर घ्या. दोन्ही बाजूंना चर हवेतच, पण भरावाच्या पायथ्यापासून दोन फूट सोडून. अगदी लागून खणले की कड ढासळते.

दुसरी चूक सपाटीची. ऑपरेटर रस्ता टेबलासारखा करून देतो, बघायला छान वाटतं. कच्च्या रस्त्याला मधून कडेला 4 ते 5 टक्के उतार लागतो. म्हणजे 3 मीटर रुंदीला मध्यापेक्षा कडा 6 ते 7.5 सेंमी खाली. मध्यावर टेकवून दोरी आडवी, समपातळीत ताणा आणि कडेला पट्टीने मोजा. बिल देण्याआधी!

हिशेबही तपासा. 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद, दबून 15 सेंमी थर म्हणजे 45 घनमीटर. सैल मुरूम साधारण सव्वापट, म्हणजे 56 घनमीटर, जवळपास 20 ब्रास. हा सगळा एकदम पसरू नका. साध्या 8-10 टनी रोलरने जाड थर वरवरच दबतो, म्हणून दोन थर करा. रोलर कडेकडून मध्याकडे फिरवा.

पाणी किती मारायचं? मुरूम मुठीत आवळा. गोळा होऊन कमरेच्या उंचीवरून पडल्यावर दोन-चार तुकडे झाला तर बरोबर. भुगा झाला तर कोरडा, तळहात ओला झाला तर जास्त. नुसता खडा असलेला मुरूम बांधून राहत नाही, उन्हाळ्यात आडव्या लाटा उठतात. नुसती माती असलेला पावसात घसरतो. लाटांमध्ये कोरडा मुरूम भरून काही होत नाही. लाटेच्या तळापर्यंत खरवडा, थोडा मातकट मुरूम मिसळा, पाणी मारा, पुन्हा दाबा.

खड्ड्यातलं पाणी आणि गाळ काढल्याशिवाय मुरूम ओतू नका. कडा उभ्या कापा, ओलसर मुरूम थराथराने धुमसाने ठोका, वरचा थर किंचित उंच ठेवा.

नाल्यावर पाइप टाकताना 600 मिमीपेक्षा लहान घेऊ नका. पालापाचोळ्याने तुंबतो आणि मग पाणी रस्त्यावरून उडी मारतं. पाइपवर निदान दोन फूट भराव ठेवा, नाहीतर उसाची ट्रॉली तो फोडते.

पहिल्या मोठ्या पावसात फावडं घेऊन रस्त्यावरून चाला. कडेला गवत आणि मातीची वरंबी तयार झालेली असते, पाणी तिथेच अडतं. दर 10-15 मीटरवर ती फोडून पाणी चरात काढून द्या.